फ्रान्सचे चित्रकार आणि माझा उजवा डोळा

बसणं हे काम असतं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. सोलापुरात चित्रकला शिकवणारं एक कॉलेज आहे, तिथं मी आठवड्यातून तीन दिवस बसायला जाते. लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची, खुर्चीत मी, आणि समोर अर्ध्या गोलात पोरं-पोरी माझं तोंड काढत असतात. वीस मिनिटं हलायचं नाही, मग पाच मिनिटं मोकळीक. उठायच्या आधी सर माझ्या चपलांभोवती खडूनं रेघ ओढतात. परत आल्यावर पाय त्याच रेघेत ठेवायचे आणि नजर भिंतीवरच्या खिळ्यावर. तो खिळा आता मला माझ्या पोरांपेक्षा जास्त ओळखीचा झालाय.

सर मला बाजारात भेटले. मी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते आणि हा माणूस शेजारी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, ह्याला तीच जुडी पाहिजे. तर म्हणाला, "आज्जी, तुमचा चेहरा फार चांगला आहे."

"डोळं तपासून घ्या," मी म्हणाले.

घरी सांगितल्यावर सून पोट धरून हसली. "आत्या, तुमचं तोंड बघून कोण काय शिकणार?"

"तू वीस वर्सं बघतीयास, तू कुटं काय शिकलीस?" मी म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी तिनंच माझं इरकल लुगडं काढून त्याला इस्त्री केली.

माझा चेहरा चांगला नाही हे मला माहीत आहे. कुणी नाही नाही म्हणावं म्हणून हे लिहीत नाही. उजव्या डोळ्यात फूल आहे, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्याच बाजूच्या दाढा गेल्या, म्हणून तो गालही आत गेलाय. डावी बाजू बरी आहे. डावा डोळा शाबूत, डाव्या नाकपुडीत चमकी. दोन वेगळ्या बायकांची तोंडं मधोमध शिवून एक केल्यासारखं ते दिसतं.

हा डोळा सरव्यात गेला. माझं माहेर मंद्रूप गावाच्या पुढं, मेंढरं राखणारं घर. रान आमचं नव्हतं. पीक निघालं, मालकानं माल घरी नेला, की मागं पडलेलं वेचायला बायका-पोरींना रानात सोडायचे. त्याला सरवा म्हणतात. त्या दिवशी तुरीच्या शेंगांचा सरवा होता. तूर कापली की खाली जे धसकट उरतं ते खिळ्यासारखं असतं. मी शेंगेला वाकले आणि पुढचं धसकट बघितलं नाही. आईनं पदराचा बोळा डोळ्यावर दाबला आणि म्हणाली, "शेंगा सांडल्या न्हाईत न्हवं?" सांडल्या नव्हत्या. चौथीची परीक्षा मी एका डोळ्यानं दिली आणि शाळा संपली. लग्न होऊन सोलापुरात आले ते चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायला लागले. मागाच्या धोट्यात सुताची जी कांडी बसवतात, ती भरायची. तीस वर्षं तेच केलं. त्याला दीड डोळा पुष्कळ होतो.

कॉलेजात पहिले काही महिने मी बघत होते. दिवस संपला की पोरं कागद दाखवायची. कुणाच्याच कागदावर माझा उजवा डोळा नव्हता. कुणी तो चांगला करून टाकायचं, कुणी पदर पुढं ओढून झाकायचं, कुणी त्या बाजूला काळं फासून मोकळं व्हायचं. सर खुर्चीच अशी ठेवायचे की खिडकीचा उजेड डावीकडून यावा. पोरं भल्या घरची, त्यांना वाटायचं म्हातारीला वाईट वाटेल. मला वाईट त्याचंच वाटायचं. एवढा वेळ खिळ्याकडे बघत बसायचं आणि कागदावर कुणीतरी दुसरीच.

मोकळिकीच्या पाच मिनिटांत पोरं चहाला पळायची. माझे गुडघे मला परत परत जिना उतरू देत नाहीत. म्हणून सरांनी एक जाड पुस्तक मांडीवर आणून ठेवलं. "बघा आज्जी, हे सगळे फ्रान्सचे चित्रकार आहेत. दीडशे-दोनशे वर्षांपासूनचे." पुस्तक इंग्रजीत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, आणि त्याचा फायदाच झाला. कोण थोर, कोण लहान, हे मला कुणी आधी सांगितलं नाही. चित्र बघायचं, पटलं तर पटलं.

पहिल्यांदा पुस्तक उघडलं आणि पान निघालं ते सरव्याचं. खोटं सांगत नाही. कापलेलं रान, त्यात तीन बायका वाकलेल्या. एकीच्या डोक्याला निळा रुमाल, एकीच्या तांबडा. दोघी पार खाली गेलेल्या, तिसरी अर्धी उठलेली. लांब मागं मालकाच्या गंजी, गाडी आणि घोड्यावर बसून देखरेख करणारा माणूस. पहिलीनं डावा हात मागं कमरेवर ठेवलाय आणि वेचलेल्या ओंब्या त्याच हातात धरल्यात. हे बघून मी पुस्तक मिटलंच. सरव्यात हात असाच ठेवतात. पुढं धरला तर वाकता येत नाही, ओटीत टाकायला दर वेळी उठलं तर कंबर राहत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्या बाईलाही नसणार. पण त्या गड्यानं उभं राहून ते बघितलं.

"हा कुणाच्या घरचा?" मी सरांना विचारलं.

"शेतकऱ्याच्या. लहानपणी शेतात राबलाय."

"तरीच."

"का? काय झालं?"

"घोड्यावरच्या मानसाचा पोरगा असता तर ह्यानं घोडा मोठा काढला असता," मी म्हणाले. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. का ते त्यांनाच माहीत.

त्याच गड्याचं आणखी एक चित्र होतं. मेंढरांचा कळप, राखणीला कुत्रं, पुढं पोरगी उभी, मान खाली घालून हातात विणकाम. आमचा बाप असाच मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातायचा. मेंढरं कशी उभी राहतात बघा म्हणावं. एकमेकीच्या पोटाखाली डोकं घालून. त्यानं तशीच काढलीत. पुस्तकातल्या सगळ्या मेंढरांत तेवढीच खरी.

मग मी रोज पुस्तक मागायला लागले. एका गड्यानं गव्हाच्या गंजी काढल्यात, वरून शाकारलेल्या. एकच गंज सकाळची, दुपारची, बर्फातली, संध्याकाळची. आधी मला वाटलं, ह्याला दुसरं काही मिळालं नाही. मग लक्षात आलं. आमच्या दारात कडब्याची गंज असायची, ती सकाळी पिवळी, दुपारी पांढरी आणि दिवस बुडताना तांबडी व्हायची, आणि आयुष्यात मी एकदाही ते मोठ्यानं म्हणाले नव्हते. सर म्हणाले, म्हातारपणी ह्याला मोतीबिंदू झाला. बागेतलं तळं काढायचा, तर पाणीसुद्धा तांबूस दिसायला लागलं. मग ऑपरेशन केलं. माझ्या डाव्या डोळ्याचंही झालंय. पट्टी काढली तेव्हा सुनेची निळी बादली मला इतकी निळी दिसली की मी तिला विचारलं, नवी आणलीस का. त्यामुळं त्या माणसाचं मला सगळं कळतं.

आणखी एकानं इस्त्रीवाल्या बायका काढल्यात. एक दोन्ही हातांनी इस्त्री दाबतीय, दुसरीच्या हातात बाटली आणि तोंड उघडून ही मोठी जांभई. असली जांभई मी कारखान्यात हजार वेळा बघितली आणि दिली. चित्रात जांभई देणारी बाई दुसरी कुणी काढली असेल तर मला दाखवा. एकजण वर्तमानपत्रात चित्रं काढायचा. राजाचं पोट लई मोठं काढलं म्हणून तुरुंगात गेला. बाहेर येऊन परत चित्रंच काढली. त्याची आगगाडीतली म्हातारी मांडीवर टोपली धरून बसलीय आणि दोन्ही हात टोपलीवर एकात एक. काही मागत नाही, कुणाकडे बघत नाही. मी चौथऱ्यावर तशीच बसते. हे मुद्दाम करत नाही. हात दुसरीकडं ठेवायची सवयच नाही.

हे लोक मला आवडले ते ह्यासाठी. लाजले नाहीत आणि कीवही केली नाही.

आता एका पोरीचं सांगते, कारण पुस्तकाची खरी गरज तिला होती. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक बारकी पोरगी होती. घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. मला ती अव्वा म्हणायची, म्हणजे त्यांच्यात आजी. तिचा बाप चादरींची नक्षी काढायचा. चौकटींचा कागद असतो, त्यात एकेक चौकट रंगवून मोर, फूल, घोडा काढायचा, आणि त्या चौकटींवरून माग विणतो. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून बापाशेजारी बसून चौकटी भरत होती. आता बाप थकला, तिचा थोरला भाऊ तेच काम कॉम्प्युटरवर करतो.

ही पोरगी आदल्या वर्षी चेहरा काढायच्या परीक्षेत नापास झाली होती. बाकी विषय निघाले, चेहरा राहिला. भावानं सांगून टाकलं होतं, ह्या खेपेला राहिला तर कॉलेज बंद, माझ्याशेजारी कॉम्प्युटरवर बस. भाऊ वाईट नव्हता. त्याला हाताखाली माणूस पाहिजे होतं आणि पोरीचा हात चांगला होता. पण तिला चादरीवरचा मोर काढायचा नव्हता. तिला माणसं काढायची होती. तेवढंच तिचं म्हणणं.

तिनं काढलेलं माझं पहिलं चित्र मी बघितलं तेव्हा पाणी पीत होते, ते नाकात गेलं. दोन्ही डोळे चांगले, दोन्ही गाल भरलेले, आणि चमक्या दोन. दोन्ही नाकपुड्यांत.

"ही दुसरी चमकी कुणी दिली ग? तुझ्या बापानं?"

पोरगी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग कागदाकडे, आणि कानापर्यंत लाल झाली. "अव्वा, मी अर्धंच काढलं. मग उलटं केलं."

"उलटं म्हंजी?"

मग तिनं सांगितलं. चादरीवर दोन मोर समोरासमोर असतात. त्यातला एकच काढायचा. मधली रेघ धरून दुसरा माग आपोआप उलटा विणतो. काठ, फुलं, वेल, सगळं असंच. बाप अर्धी नक्षी काढायचा आणि म्हणायचा, उरलेलं मागाचं काम. भाऊ कॉम्प्युटरवर एक बटण दाबतो, दुसरी बाजू तयार. हिनं माझी डावी बाजू काढली, पातळ कागदावर उतरवून घेतली, कागद उलटा केला आणि उजवी बाजू छापली. वर सगळं बारक्या चौकटीचौकटींनी रंगवलेलं.

सर आले, बघितलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे पोर्ट्रेट नाही, चादर आहे. घडी घालून कपाटात ठेव." पोरं हसली. मीही हसले होते, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

पोरगी रडली नाही. चहाच्या वेळी खाली गेली नाही, एवढंच. मी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "ह्यातल्या बायका बघ. कुणाची तरी दुसरी बाजू पहिलीसारखी हाय का?"

ती बराच वेळ पानं उलटत होती. "नाही अव्वा. ह्या जांभईवालीचं तर तोंडच सरळ नाही."

"मग?"

"पण मला चौकटींशिवाय रंग लावताच येत नाही. हात थांबतो. परीक्षेत पण तसंच झालेलं."

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, कारण पुस्तक माझं तोंडपाठ झालं होतं. मागच्या अंगाला एक चित्र आहे. नदीकाठी सुट्टीच्या दिवशी लोक आलेत, छत्र्या, कुत्री, एका बाईनं तर दोरीला माकड बांधून आणलंय. आणि सगळं ठिपक्यांचं. जवळून बघितलं तर नुसते ठिपके, बाजरी सांडल्यासारखे. लांब धरलं की गवत, सावली, बाई. मी पान उघडून तशीच सरांच्या टेबलापाशी गेले. गुडघे त्या दिवशी काही बोलले नाहीत.

"सर, ह्याला घडी घालून कुठल्या कपाटात ठेवलाय?"

सर आधी वैतागले, मग हसले. पोरीला बोलावलं. "आज्जींनी वकीलपत्र घेतलंय तुझं. ऐक. ह्यानं ठिपके दिले, खरंय. पण त्याआधी हा त्या नदीकाठी कित्येक महिने जाऊन बसला. एकेक माणूस, एकेक झाड वेगळं काढलं. ठिपके नंतर. तू चौकटी भर, माझी हरकत नाही. पण आज्जींची उजवी बाजू तू एकदा तरी नीट बघितलीस का?"

पोरीनं ती बघितली नव्हती.

त्यानंतर ती रविवारी माझ्या घरी यायला लागली. मी तांदूळ निवडायची, ती समोर बसून उजवी बाजू काढायची. पहिल्या रविवारी तिची पेन्सिल गालावर फिरायची आणि डोळ्यापाशी आली की कानाकडे पळायची.

"काय झालं?"

"बघवत नाही अव्वा."

"मला रोज आरशात बघवतं. तुला एक दिस बघवंना?"

"तुम्हाला राग येईल म्हणून..."

"राग आत्ता आलाय. ये पुढं, बोटानं पापणी वर कर आणि बघ. चावत न्हाय तो."

तिनं पापणी वर केली. मला त्या डोळ्यानं तिची फक्त सावली कळली. ती आणखी पुढं वाकली आणि म्हणाली, "अव्वा, हे पांढरं नाहीच की. मधी निळं हाय. कडेला राखाडी. आणि खिडकी दिसतीय ह्यात, बारकी."

साठ-पासष्ट वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनंही नाही.

सून आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बघू मला पण." मग तिनंही पापणी उचलून बघितलं. त्या दिवशी माझा डोळा म्हणजे जत्रेतला पाळणा झाला होता.

एका रविवारी मी पोरीला एका बाईची गोष्ट सांगितली. सरांकडून ऐकलेली. फ्रान्समध्ये एक धोबिणीची पोरगी होती. सर्कशीत काम करायची, झुल्यावरून पडली, ते काम सुटलं. मग चित्रकारांसमोर बसायला लागली, माझ्यासारखी. पण बसल्या बसल्या ते ब्रश कसा धरतात, रेघ कुठून सुरू करतात, हे सगळं बघत राहिली, आणि घरी जाऊन स्वतः काढायला लागली. कुणी शिकवलं नाही. पुढं मोठी चित्रकार झाली. पुस्तकात तिची चित्रं आहेत. बायका काढल्यात त्या जशा असतात तशा, सुटलेलं पोट, लाल ढोपरं, काही लपवलेलं नाही. रेघ अशी जाड आणि ठाम की कुणाची परवानगी मागत नाही.

"मग अव्वा, तुम्ही पण काढा की," पोरगी म्हणाली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

मी चौकटीच्या कागदावर तिचा कान काढला. तो कचोरीसारखा आला. पेन्सिल परत दिली. "ती बाई येगळी. मला बसायचं जमतं, ते मी करते." वाईट वाटलं नाही. ती बाई अशी रेघ कशी ओढत असेल ह्याचा अंदाज मात्र त्या कचोरीमुळं आला. तेव्हापासून तिच्या पानावर मी जास्त वेळ थांबते.

परीक्षा दोन दिवसांची होती. परीक्षेलाही सरांनी मलाच खुर्चीत बसवलं. पण पोरगी सरांकडे गेली आणि तिनं जागा बदलून मागितली. आता ती माझ्या उजव्या हाताला बसणार होती, त्या बाजूला कुणीच बसत नसे. सर म्हणाले, "विचार केलायस ना?" ती म्हणाली, "हो."

चौथऱ्यावरच्या माणसाला कागद दिसत नाही. मला भिंतीवरचा खिळा दिसत होता, आणि मोकळिकीला उठले की पोरीचा हात. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो हात कागदाच्या एकाच बाजूला होता. एक चौकट, ब्रश पाण्यात, दुसरी चौकट. दुसऱ्या दिवशी दुपारीही तिथंच. बाकीच्या पोरांचे कागद भरून चालले होते, त्यांचे ब्रश सपासप चालल्याचा आवाज येत होता. हिचा आवाजच नाही. तिचं कॉलेज त्या कागदावर होतं आणि ही बया एका डोळ्यात अडकून बसली होती.

शेवटच्या मोकळिकीला मी उठले नाही. चपला खडूच्या रेघेतच ठेवून हळूच म्हणाले, "पोरी, दुसरी बाजू ऱ्हायली की ग."

"ही होऊ दे अव्वा."

"येळ बघ. सोपी हाय ती बाजू. उलटी करून टाक."

हे मी म्हणाले. मीच. आज लाज वाटते, पण त्या घडीला मला ती पास व्हायला पाहिजे होती, बाकी काही नको होतं.

तिनं मान वर केली नाही. "तुमच्यात नाही होत ते," म्हणाली.

घंटा झाली. बाहेरगावहून आलेले परीक्षक एकेका कागदापाशी थांबत आले. तिच्यापाशी आले आणि थांबलेच. मग चौथऱ्याशी येऊन माझ्या तोंडाजवळ वाकले. त्यांच्या अंगाला सुपारीचा वास येत होता. माझा उजवा डोळा बघितला, परत कागद बघितला.

"डाव्या बाजूला नुसत्या रेघा का?"

"वेळ संपला सर."

"घरात नक्षीकाम आहे म्हणे तुमच्या. अर्ध्यावरून पूर्ण करायची पद्धत असते ना?"

"असते सर. पण ह्या चेहऱ्याला माग चालत नाही. दोन्ही बाजू हातानंच काढायला लागतात."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले. त्यांच्या तोंडावरून मला काही कळलं नाही, आणि माणसांची तोंडं मला बऱ्यापैकी कळतात.

निकालाला महिना लागला. त्या महिन्यात पोरगी एकाही रविवारी आली नाही. मी कॉलेजात दुसऱ्या वर्गासमोर बसत होते आणि पुस्तक मागत नव्हते. एकदाच मागितलं. शेवटच्या पानांत एक म्हातारा आहे. आजारपणानं उभं राहता येईना, ब्रश धरवेना, तर चाकांच्या खुर्चीत बसून कात्रीनं रंगीत कागद कापायला लागला. गोधडीला ठिगळं कापतात तसे. काय रंग आहेत ते! थांबायचं नाही असं ठरवलेला माणूस आहे तो. पोरीला हे पान दाखवायचं राहिलं होतं.

मग एका दुपारी ती दारात आली. सोबत भाऊ. मी म्हटलं, संपलं, हा सांगायला आलाय.

"अव्वा, काठावर पास," पोरगी म्हणाली.

"किती काठावर?"

भावानं उत्तर दिलं. "आणखी जरा सरकली असती तर पडली असती. आज्जी, हिनं अर्धंच चित्र दिलं म्हणं. अर्ध्याला कोण पास करतं? नशीब म्हणायचं."

"तू चादरीचं अर्धंच काढतोस की," मी म्हणाले. "तुला तर त्याचं पैसं पण मिळत्यात."

तो हसला. माणूस बरा होता. चहा पिऊन गेला, आणि जाताना पायरीवरून माझ्या उजव्या डोळ्याकडे एकदा चोरून बघून गेला.

परीक्षेचे कागद कॉलेज ठेवून घेतं. सरांनी मला तो कपाटातून काढून दाखवला. मी आयुष्यात स्वतःला पहिल्यांदा बघितलं असं काही म्हणणार नाही, आरसा घरी आहे. पण मी बराच वेळ उभी होते. माझ्या डाव्या बाजूला नुसत्या रेघा, चमकीच्या जागी एक टिंब. उजव्या बाजूला सगळं. बसका गाल, त्याच्या खालची सावली, सुरकुत्यांत भरलेल्या बारक्या बारक्या चौकटी, विणल्यासारख्या. आणि डोळा. मधी निळा, कडेला राखाडी, आत खिडकी. सुंदर नाही. बरोबर आहे. कमरेवरच्या त्या हातासारखा, त्या जांभईसारखा बरोबर. पुस्तकात चिकटवला असता तर त्या लोकांनी सरकून जागा दिली असती, असं मला वाटलं, आणि मी ते सरांना बोलूनही दाखवलं.

"डावी बाजू कधी करणार म्हणते?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी. तुम्ही बसणार असाल तर."

म्हणजे अजून एक वर्ष मला जागेवर राहणं आलं.

त्यानंतर सरांनी खुर्ची फिरवली. आता खिडकीचा उजेड माझ्या उजव्या अंगावर येतो. नवीन पोरांना पळायला जागा नाही, डोळा काढावाच लागतो. एक त्रास आहे, त्या डोळ्याला उजेड सोसत नाही, पाण्याची धार लागते. पहिल्या दिवशी एक पोरगी ब्रश टाकून धावत आली, "आज्जी, रडताय का?"

"न्हाय ग, गळतोय तो," मी म्हणाले. "जा, जाग्यावर बस. पाणी पण काढ."